खिडकीपाशी बसलेला मामा

सांगते, पण एक पाळा. मी बोलत असताना मध्येच 'हूं' म्हणू नका. मान हलवा, चहा प्या, काहीही करा. का, ते कळेलच.

धाराशिवच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, तेवीस वर्षं झाली. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा गोष्ट मागितली. म्हणाले, मॅडम, मोठं होण्याची गोष्ट द्या, लहानपण संपतं त्या दिवसाची. माझं मनगट धरलंय, चार ओळी लिहिल्या की कळ येते. म्हणून ठरवलं, शनिवारी-रविवारी बेंबळीला आईकडं जायचं, दुपारी आई लवंडली की ओसरीवर बसून मोबाइलमध्ये गोष्ट बोलायची, आणि सोमवारी ती कुणाकडून तरी टाइप करून घ्यायची. इतकं साधं काम.

गोष्ट मामाची होती. भागवतमामा, आईचा धाकटा भाऊ. मी सातवीत असताना तो एका दुपारी आमच्या घरून मुरुमला, त्याच्या गावी निघाला आणि पोचलाच नाही. त्याला छत्तीस वर्षं झाली. आई, विठाबाई, आता अठ्ठ्याहत्तरची आहे. अजून दाराला आतून कडी लावू देत नाही. न जाणो, आला तर?

भाद्रपदातलं ऊन होतं. शेतांवरून सोयाबीनचा हिरवट वास येत होता आणि ओसरीच्या भिंतीवर उन्हाची तिरीप पाण्यासारखी हलत होती. डोळे आपोआप मिटावेत अशी दुपार. मी सुरुवात केली, "एका गावात शामी नावाची एक पोर होती..." म्हणजे मीच. पण वर्गात मी पोरांना सांगते ना, स्वतःबद्दल लिहायचं तर जरा लांब उभं राहा, दुसऱ्याची म्हणून सांगा. खरं सांगू? मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आमच्याकडं गोष्ट वाऱ्यावर सांगत नाहीत. समोर कुणीतरी हुंकार द्यायला लागतो. 'हूं' आला तर पुढचं वाक्य, नाहीतर गोष्ट तिथंच थांबली. माझा हुंकार मामा द्यायचा. नाकातून, जरा लांबवलेला, शेवटी किंचित वर जाणारा. आणि दुसरा नियम असा की दिवसा गोष्ट सांगायची नाही, सांगितली तर सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो. आईनं त्यापायी मला दोनदा चांगलं बदडलं होतं.

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज आणि चिमण्या, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "मी म्हणाले, मामा, थांब की, एक गोष्ट ऐकून जा."

ऐकताना त्या वाक्यापुढं आवाज होता.

"हूं."

मला वाटलं आई असेल. आत जाऊन पाहिलं तर ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी परत येऊन बसले. "शामीनं मामाला थांबवलं," असं बोलले आणि लावून ऐकलं. काही नाही. "मी मामाला थांबवलं." हूं. मग मी मुद्दाम बोलले, "मी मामाला एसटीत बसवून आले."

काही नाही. चिमण्यासुद्धा नाहीत.

मी मोबाइल पालथा ठेवला. कारण ते वाक्य छत्तीस वर्षं सगळ्या गावानं खरं मानलं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. पण पुढच्या शनिवारी गेले. आई झोपल्यावर मोबाइल समोर ठेवला, आणि म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

"मामा दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जाणार होता. लग्न झालं की तो आपल्याकडं येणार नाही, असं मला वाटलं."

"हूं." या वेळी मोबाइलमधून नाही. आतल्या खोलीतून, आणि मामाचाच, शेवटी वर जाणारा.

"मी मुद्दाम गोष्ट लांबवली... एसटी निघून गेली."

"हूं."

"तो म्हणाला, पलीकडच्या डांबरी रस्त्यावर दुसरी गाडी धरतो. मी म्हणाले, माळावरून जा, जवळ पडतं. मला ती वाट... मला ती वाट ठाऊक नव्हती."

"हूं..."

"आईनं विचारलं, गेला का गं? दिवसा गोष्ट सांगितली म्हणून ती मारेल, एवढ्याच भीतीनं मी म्हणाले, व्हय, खिडकीपाशी बसला, मला हात केला. सगळ्यांनी मुरुमकडं शोधलं. माळ कुणी बघितलाच नाही. मी गप्प राहिले."

मी रडत होते. त्या दिवशी मी मोठी झाले बघा, मार चुकवायला एक खिडकी रचली तेव्हा. मग पुन्हा हूं आला, पण हा आवाज आईचा होता.

आत गेले. आई अंथरुणावर उठून बसली होती, भिंतीकडं तोंड करून. थोडं थांबायची, हूं म्हणायची. पुन्हा थांबायची.

"आई... कुणाला हूं म्हणतेस?"

"गप. भागवत सांगतोय. आता त्येची पाळी." माझ्याकडं न बघताच ती पुढं म्हणाली, "खिडकी लई झ्याक सांगितली व्हतीस, शामे. छत्तीस वर्सं मला निस्ती ती खिडकीच दिसायची."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही फिरवला नाही. ती ऐकत होती.

त्यानंतर रोज दुपारी हेच. मामा कुठवर आला ते ती मला शनिवारी सांगायची. माळावर लई ऊन हाय म्हनतोय. आज वढा लागला. आज वळखीचा आंबा दिसला, त्येच्या बुडी जरा टेकलाय. आई तरतरीत दिसायला लागली होती, दोन वेळा पोटभर जेवत होती. मी डॉक्टरांकडं न्यावं म्हणत होते आणि नेत नव्हते. मलाही तो यायला हवा होता हो!

मागच्या शनिवारी निघताना तिनं माझा हात धरला.

"त्येनं इचारलं, शामी कितवीत हाय."

"मग... काय सांगितलंस?"

"सातवीत म्हणलं. आता गावच्या येशीत आलाय गं त्यो. तू पुढल्या शनवारी येऊ नगं. तुजं पिकलेलं डोस्कं बघून म्हनंल, घर चुकलं, अन् जाईल माघारी."

आज शनिवार. मी गेले नाही. तीनच्या सुमाराला शेजारच्या धुरपदाबाईंचा फोन आला.

"ताई, आईकडं कुणाची पोरगी आलीय ओ? भर दुपारचं गोष्ट सांगाय लागलीय. म्या भायेरनं म्हणलं, बाई, दिवसा सांगू न्हाय. तर आत कुणी गडी माणूस हसला."

"दार उघडं आहे का?"

"न्हाय ओ, आतनं कडी हाय."

मी म्हटलं, फोन खिडकीतून आत द्या, आईला बोलायचंय. धुरपदाबाईंनी हाक मारली. आतलं बोलणं थांबलं. लहान पावलं जवळ आली, कुणीतरी फोन घेतला.

"कोण बोलतंय?" पोरीनं विचारलं.

माझाच आवाज होता तो, सातवीतला. मागं आई खुदखुदत होती, इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना ऐकली नव्हती. मला नुसतं 'मी' म्हणायचं होतं.

म्हणता आलं नाही. मी फोन ठेवून दिला.