प्रदीपचा आयडी

कामशेतच्या बाजारात मिठाईच्या एका दुकानावर दोन खोल्या आहेत. खाली तळणीच्या तेलाचा वास, वर यंत्रांची घरघर. पवन मावळातल्या कितीतरी गावांचं इंटरनेट या दोन खोल्यांतून जातं, असं खाली जिलेबी खाणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो मान डोलावेल आणि आणखी एक प्लेट मागवेल. नेट चालू असेपर्यंत कंपनी कुणाला आठवत नाही, आणि बंद पडलं की पहिली शिवी तिलाच.

वरच्या खोलीत पडद्यासमोर सारिका बसायची. कुठल्या गावातून किती वाहतूक चालली आहे ते तिने बघायचं. संध्याकाळी सगळं गाव एकदम व्हिडिओ बघायला बसलं की त्यांना जरा दमाने घ्यायला लावायचं आणि दवाखान्याची, बँकेची वाट मोकळी ठेवायची. कुणाच्या कॅमेऱ्यात बाहेरचा चोर शिरला तर त्याला तिथेच कोंडून घालायचं. शनिवारी धरणाकाठच्या बंगल्यांत पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी उतरली की तिला डोकं वर काढायला फुरसत नसे. एकंदरीत हवालदारकीच, फक्त हातात शिट्टी नाही.

असाच एक शनिवार होता, आषाढातला. दुपारीच इतकं धुकं उतरलं होतं की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. सारिकाने डबा उघडला, मेथीच्या भाजीचा एक घास घेतला आणि मालकाचा फोन आला. सत्यम वयाने तिच्याहून लहान. पोरगा तसा भला, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली.

"वहिनी, जेवताय का? जेवा, जेवा. एक काम आहे. ज्यांची लाइन घेतो, त्या वरच्या कंपनीची तपासणी आलीय. काम सोडून गेलेल्यांचे जुने आयडी सहाच्या आत बंद करायचेत."

"करते की."

"त्यात…" सत्यम घुटमळला. "प्रदीपदादाचा पण आहे. तो चालू दिसतोय, वहिनी. करुंजच्या खांबावरच्या डब्यावर."

सारिकाने हातातला घास परत डब्यात ठेवला.

प्रदीप तिचा नवरा. याच कंपनीत लाइनमन होता. गेल्या पावसाळ्यात तिकोन्याच्या पलीकडे तुटलेली केबल जोडायला गेला आणि ओढ्याला अचानक पाणी आलं. मोटारसायकल करवंदीच्या जाळीत अडकलेली सापडली. प्रदीप सापडला नाही, आणि त्याच्या पाठीवरची बॅगही नाही. त्या बॅगेत तपासणीचा मोडेम होता. लाइनमन खांबावर चढायचा, डब्यात तो मोडेम लावायचा आणि स्वतःच्या आयडीने आत शिरून लाइन तपासायचा. त्या आयडीला ना वेगाची मर्यादा, ना कुलूप. कुठल्याही गिऱ्हाइकाचं दार त्याने उघडतं. म्हणूनच नियम असा की माणूस कंपनीतून गेला, की त्याच दिवशी त्याचा आयडी बंद.

आता बंद करण्याचं काम सारिकाचं. तिने ते केलं नव्हतं. कुणी विचारलं असतं, तर तिने उलट विचारलं असतं, तो गेला असं ठरवलं कुणी? घरी सासूची, भागुबाईची, हीच भाषा. भावकीने गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस ठरवा म्हटलं, तेव्हा म्हातारीने सगळ्यांना चहा पाजला आणि बजावलं, "माजं पोर गेलेलं न्हाई. गेल्यालं आनून दावा, मग बघू." त्या दोघींच्या संसाराला ही एकच आशा धरून होती. बेडश्याच्या त्या घरात दोन बायका दोन खोल्यांत झोपायच्या आणि वाऱ्याने दार वाजलं की दोघीही उठून बसायच्या. पण त्याबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलायच्या नाहीत.

आणि सत्यमला जे आज दिसलं होतं, ते सारिका गेले काही दिवस बघत होती. आधी तिकोन्याच्या डब्यावर तो आयडी उगवला. तिला वाटलं, पडद्याचीच काहीतरी चूक असेल. मग जवण. मग काले, येळसे, कडधे. रोज एक गाव पुढे, कामशेतच्या वाटेवर. तिने कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी घरी जाताना ती उगाच गाणं गुणगुणू लागली होती.

"कुणीतरी बॅग ढापलीय, वहिनी," सत्यम म्हणत होता. "आज खांब तपासतोय, उद्या लोकांच्या घरातले कॅमेरे उघडेल. सहाच्या आत बंद नाही केला तर वरचे आपली अख्खी लाइन तोडतील. दवाखान्याची पण."

"बघते," सारिका म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि तो आयडी नक्की करतोय काय, ते उघडून बघितलं. चोर असता तर काहीतरी उचललं असतं, कुठेतरी डोकावला असता. इथे तसं काहीच नव्हतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालली होती. पिंग. म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, आहेस का? आणि दुसरं म्हणतं, आहे. तेवढंच. आणि विचारणा येत होती ती सारिकाच्या टेबलावरच्या संगणकाकडे. तिच्या समोरचं यंत्र इतके दिवस तिला न विचारता उत्तर देत होतं. आहे. आहे. आहे.

तिने घरी फोन लावला. बेडश्यात मोबाइलला रेंज नाही, डोंगर आडवा येतो. घरातला फोन वाय-फायवरच चालायचा, प्रदीपनेच तशी सोय करून दिली होती.

"आई, त्यांचा आयडी दिसतोय. करुंजला."

भागुबाईला आयडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ‘त्यांचा’ म्हणजे कुणाचा ते बरोबर कळलं. सारिकाने जमेल तसं समजावलं.

"आनि तुजं मशीन काय करतंय?"

"उत्तर देतं. ते आपोआपच जातं, आई."

"सारे…" भागुबाईचा आवाज खाली आला. ती विहारात जाणारी बाई. भुताखेताचं नाव कुणी काढलं तर त्याला झापणारी. "मी काय आसलं मानीत न्हाई, तुला म्हाईत हाय. पन माजी आय सांगायची. पावसाळ्यात धुकं आसताना भाईरनं नाव घिऊन हाक आली, तर लगीच ओ द्याची न्हाई. तीनदा आली तरच. मानूस आसंल तर तीनदा मारतंय. दुसरं काय आसंल, त्येला एकदाच हाक मारता येती. ओ दिली की मग त्येला वाट गावती."

"आई, असं नका बोलू…"

"तुज्या मशीननं किती येळा ओ दिली आसंल गं?"

चार वाजून गेले, तशी सारिकाला ऑफिसात बसवेना. तिने खोलीला कुलूप लावलं, रेनकोट चढवला आणि स्कूटीवरून करुंजचा रस्ता धरला. शेतात भातलावणी उरकून माणसं घरी गेली होती. चिखलणीचा ओला, आंबूस वास तेवढा मागे राहिला होता. स्कूटीचा दिवा चार हातांवर धुक्यात विरत होता. वाटेत माणूस भेटलं नाही, जनावर भेटलं नाही. कुठूनतरी बेडकांचा आवाज येत होता, तोही मध्येच बंद पडला.

करुंजचा खांब फाट्यावरच होता, वर काळा डबा. डब्याच्या झाकणावर शेवाळ धरलेलं. झाकणाच्या फटीवर कोळ्याने जाळं विणलं होतं, थेंबांनी भरलेलं आणि अखंड. महिनोन्‌महिने तो डबा कुणी उघडला नव्हता. सारिकाने मोबाइलवर बघितलं. याच डब्यावर प्रदीपचा आयडी चालू होता. आहेस का? आहे. आहेस का? आहे.

"अहो…" ती अगदी हळू म्हणाली.

काही नाही. धुकं होतं तिथेच होतं. मग खांबावरून बेडश्याच्या दिशेने गेलेली केबल हलली. वारा नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केबल ताणल्यासारखी झाली आणि पुन्हा सैल पडली.

सारिका घाबरली. खोटं कशाला सांगायचं, वर्षभर ज्याची वाट बघितली त्याला ती घाबरली. स्कूटी वळवली आणि कामशेतपर्यंत तिने मागे बघितलं नाही.

ऑफिसात येऊन ती ओल्या रेनकोटसकट खुर्चीत बसली. पडद्यावर प्रदीपचं नाव हिरवं दिसत होतं. सत्यमचा निरोप येऊन पडला होता, वहिनी झालं का. बंद करायला एक बटण पुरतं. पण ते दाबणं म्हणजे तो मेला हे आपल्या हाताने लिहून देणं, हे तिला चांगलं कळत होतं. लोकांनी सांगितलं तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. रडता रडता तिने बटण दाबलं.

नाव लाल झालं आणि विचारणा थांबली. तिच्या समोरचं यंत्र गप्प झालं. खोलीतले पंखे तसेच घुमत होते, तरी खोली एकदम रिकामी वाटू लागली. आता आपल्याला ‘आहेस का’ असं विचारणारं कुणीच उरलं नाही, असं तिच्या मनात आलं.

बाहेर अंधारून येत होतं. फोन वाजला. घरून होता.

"सारे, निघालीस का?" भागुबाईच्या आवाजात इतक्या महिन्यांत नव्हती अशी ऊब होती. "लौकर ये. भाकरी टाकतीया. तिगांची."

"तिघांची?"

"हाक आली गं. परसातनं. ‘आये’ म्हनून."

"किती वेळा आली, आई?"

पलीकडे तव्याचा आवाज झाला.

"एकदाच," ती म्हणाली. "मला काय कळत न्हाई व्हय? मीच तुला सांगितलं न्हवं? पन वरीसभर पोर पान्यात हाय माजं. दुसरी हाक मारस्तवर कशी थांबू म्या? आवाज त्येचाच हुता… म्या ओ दिली."

"आई, दार उघडू नका. ऐका माझं. दार…"

"आलाय की आत. लय भिजलाय. बोलत न्हाई, नुसता बगतुया. थांब, देती त्येच्याकडं."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग काही नाही. श्वासही नाही. फक्त फरशीवर पाणी ठिबकत होतं, थेंब… थेंब… अगदी फोनच्या जवळ.

सारिकाची नजर पडद्यावर गेली. बेडश्याचे सगळे डबे लाल होते. गावातली अख्खी लाइन बंद पडली होती, आणि पडद्यावरच्या वेळेप्रमाणे ती भागुबाईचा फोन यायच्या बऱ्याच आधी. गावाला रेंज नव्हती. तिच्या कानात जो आवाज येत होता, त्याला यायला वाटच नव्हती.

फोन ठेवून द्यायला हवा होता. सत्यमला, शेजाऱ्यांना, कुणालाही लावायला हवा होता. तिने तो कानाशी घट्ट धरून ठेवला आणि दुसरा हात तोंडावर दाबला, कारण त्याचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं.

"सारिका…" पलीकडून हाक आली. प्रदीपचाच आवाज, थंडीने कापणारा, खोटा म्हणताच येणार नाही असा.

तिने ओ दिली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खालच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला, मग बाजारही शांत झाला. सारिका तोंडावर हात धरून, त्याच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली.