शेवटची रांग

सांगतो, पण मध्ये मध्ये हसायचं नाही. धाकटे, तू अशी जवळ सरक. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि तो माणूस खोटं बोलायलाही आळशी!

तो एका देवस्थानाच्या शाळेत मास्तर. पहिली ते आठवी, चित्रकला आणि संगीत दोन्हींना हा एकटा. गाण्याचा तास आठवड्यातून एक, तोही गणिताच्या बाई मागून न्यायच्या. "तुमचं काय सर, गाणंच तर आहे!" हा आतल्या आत धुमसायचा. गेल्या वर्षी विश्वस्तांनी कळवलं, शुक्रवारी मुलांची प्रार्थना ऐकू. पसंत पडली तर तास राहील, नाहीतर त्या जागी पाठांतर. साडू घायकुतीला आला. बेसूर मुलं वेचून शेवटच्या रांगेत उभी केली आणि बजावलं, "तुम्ही नुसती तोंडं हलवायची. आवाज काढायचा नाही."

आदल्या दिवशी, गुरुवारी रात्री सव्वाआठला, तो शाळेत गेला. मंचामागच्या पडद्यावरचं आभाळ रंगवायचं राहिलं होतं. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. "काय मास्तर, घरी घेत नाहीत वाटतं?"

साडू सभागृहात एकटाच रंगवत बसला. नवाला दहा कमी असताना गाणं ऐकू आलं. संगीताच्या खोलीतून. एकच मूल. तीच प्रार्थना. सूर मात्र कुठल्या कुठे.

तो गेला. दाराला बाहेरून कुलूप. आत अंधार.

"कोण रे?"

गाणं चालूच. दुसऱ्या ओळीवर घसरलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच घसरलं.

महिनाभराचा वैताग होता. सवयीने तोंडून गेलं, "वर घे! अजून वर!"

आवाज वर गेला. घाबरत... आणखी बेसूर.

"काका, म्हणजे ते ऐकत होतं?"

ऐकत होतं, बाळा. तिथेच तर घात झाला. हा आणखी चिडला. "जमत नाही ना? मग गप्प! नुसतं तोंड हलव!"

आवाज थांबला.

अर्ध्या शब्दावर...

साडूने कुलूप काढलं. दिवा लावला. कोणी नाही. बाकं रिकामी. तो उभाच राहिला. मग हळूच म्हणाला, "गा रे राजा. कसंही गा."

काही नाही.

"गा ना..."

काहीच नाही.

शुक्रवारी त्याने शेवटच्या रांगेलाही मोकळ्या गळ्याने गायला लावलं. विश्वस्त नाकं मुरडत उठले. तास गेला. अजून चडफडतो बिचारा. पण म्हणतो, ती मुलं रोज सकाळी प्रार्थनेला असा काही आवाज लावतात, की गणिताच्या बाईंचीही त्यांना गप्प करायची छाती होत नाही.

आता त्या खोलीत पाठांतर चालतं. मागच्या भिंतीला एक खिडकी आहे. तिच्या काचेवर, सात-आठ वर्षांच्या पोराचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, श्वासाच्या वाफेचा एक गोल ठिपका असतो. भर उन्हाळ्यातसुद्धा. काच दोनदा बदलली. पुसला की पुन्हा येतो.

मोठा होतो... लहान होतो... मोठा होतो...

आवाज नाही.