पेवातला ओ

ही गोष्ट रचलेली नाही. ती माझ्या मामांची, शेषरावांची. त्यांनी ती आयुष्यात एकदाच सांगितली, तीही मान खाली घालून.

साल १९६३. वैशाखातली भर दुपार. परतवाड्याजवळचं एक खेडं.

मामा अकोल्याच्या जठारपेठेतले, पण नोकरी नौदलात. समुद्रातले सुरुंग काढणारं लहानसं जहाज. अंग लाकडाचं, कारण लोखंड जवळ आलं की सुरुंग जागा होतो. पोटात खणच खण. एका खणात पाणी शिरलं तर त्याचं झाकण लावायचं, म्हणजे बाकीचं जहाज तरतं.

पण झाकण लावण्याआधी तीनदा हाक मारायची. ओ आला तर थांबायचं.

त्या वर्षी पाणी शिरलं. खाली देवमन होता, मामांच्याच जहाजावरचा खलाशी.

झाकण मामांनी लावलं.

त्या वैशाखी दुपारी देवमनच्या आईला, पंचफुलाबाईला, भेटायला ते गेले होते.

"जय भीम, माय."

"ये बापू. बरा आलास. पेवातली जवारी काढाची हाये."

पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. आत हवा कोंडते. म्हणून एकानं दोर बांधून उतरायचं, दुसऱ्यानं वरून त्याच्या नावानं सारखी हाक द्यायची. ओ थांबला की ओढायचं.

सकाळपासून पेव उघडं होतं. आत अजून कुणी उतरलं नव्हतं.

म्हातारी काठाशी टेकली.

"झाकन लावाच्या आंधी देवमनले आवाज देल्ता ना रे तू?"

"तीनदा देला, माय. ओ आला नाई."

आणि...

पेवातून आवाज आला.

"ओ..."

मामा काठापासून मागे सरले.

"ओ..."

ओला आवाज. घशात पाणी भरल्यासारखा.

"ओ..."

बरोबर तीन. मग काहीच नाही. चिमणीसुद्धा नाही.

म्हातारी वाकली. जात्यावरच्या ओवीसारखी लांबवून हाक घातली, "देवमनाऽऽ! माह्या लेकाऽऽ!"

पेव मुकं.

"तुलेच ओ देऊन राह्यला तो," ती म्हणाली. "मंग तवा कावून नाई देला?"

मामा तिच्यासमोर खाली बसले.

"मी आवाज देलाच नाई, माय. भेव वाटला. ओ आला असता तर... थांबा लागलं असतं."

म्हातारी रडली नाही. शिव्याही घातल्या नाहीत.

"आता दे."

मामांनी तोंड उघडलं. खाली कुणीतरी श्वास धरून वाट पाहतंय... असं त्यांना वाटलं.

जीभ हललीच नाही.

ते उठले. फाट्यावर येऊन एस.टी.त बसले. मागे म्हातारी तशीच काठाशी, उन्हात.

पेवात काय होतं, मला अजून ठाऊक नाही. मामा त्या दिवशीही हाक न मारताच परतले, एवढं मात्र खरं.