मडिवाळप्पाची किल्ली

लाइट गेलीच आहे, तर ऐका. मोबाईलचा उजेड बंद करा आधी. वीरभद्र माझा शेजारी होता, त्यामुळं ही काही उडतउडत आलेली गोष्ट नाही. खोटी वाटली तर खुशाल घरी जा... पण एकट्यानं जा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही भरलं नव्हतं. उदगीरच्या अलीकडं वीरभद्रचं रान रुळांच्या पल्याड होतं आणि सडक अल्याड. मधे खाजगी फाटक. रेल्वेनं ते वीरभद्र आणि त्याचे चुलते मडिवाळप्पा, या दोघांना सह्या घेऊन दिलेलं. दोन्ही बाजूंना लोखंडी दार, दाराला कायम कुलूप, दोघांकडं दोन्ही कुलपांना लागणारी एकेक किल्ली. नियम असा, की बैलगाडी उभी करायची, एकानं पुढं जाऊन रुळावर दोन्हीकडं बघायचं, कान द्यायचा आणि मगच हाक मारायची, "ये आता." पार झालं की दारं लावायची. उघडी सापडली तर फाटक कायमचं बंद.

मडिवाळप्पा नियमाचे भलतेच कडक. वीरभद्र चिडवायचा, "अप्पा, रेल्वेचा साहेब बी एवढा थांबत नसंल."

"साहेबाचं रान न्हाई रुळापल्याड," अप्पा म्हणायचे.

वीरभद्र नव्या जिल्ह्याचा सोहळा बघायला लातूरला गेला, त्या दिवशी मात्र अप्पा एकटेच निघाले. स्वतःच पुढं जाऊन बघून आले, परत येऊन गाडी हाकली, आणि तेवढ्यात वळणावरून मालगाडी आली. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना अंगभर भस्म लावून, बसवून समाधी दिली. कमरेच्या करदोड्याला बांधलेली किल्ली कुणी सोडायला गेलं, तर त्यांची बायको गंगम्मा म्हणाली, "राहू द्या. लई जीव व्हता त्यांचा त्या फाटकात." किल्ली मातीत गेली.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. गावात टँकरपुढं डोकी फुटायची. रानातल्या विहिरीला तळाशी पाणी होतं, म्हणून वीरभद्र बायकोला, रुद्राणीला, घेऊन तिथल्या कोठ्यावर, गोठ्यालगतच्या खोलीत, राहत होता. तिला आठवा सरत आलेला. माहेरी उदगीरला पोचवायचं ठरलं. चैत्रातली अमावस्या, गुरुवार. ऊन उतरून गार पडल्यावर त्यानं गाडीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि आरामात निघाला.

अंधार पडता पडता फाटकाशी आले, अन् रुद्राणीला कळा सुरू झाल्या.

"अवो... पान्यानं भिजलं सगळं. दवाखान्यात न्या मला. बिगीनं."

वीरभद्रनं रानाकडचं दार उघडलं. वळण खोल कटिंगमधलं, दोन्हीकडं मातीच्या उंच कडा, इथून काही दिसत नव्हतं. पुढं जाऊन बघावं, तर परत येईपर्यंत काय होतं, ते अप्पांनी दाखवलंच होतं. हाक मारायला दुसरं माणूस नाही. त्यानं कासरा ढिला सोडला.

"थांब."

आवाज रुळांमधून आला.

बैल जागीच थबकले. रुद्राणीनं विचारलं, "कोन हाय?"

"कुनी न्हाई."

रात्री हाक आली तर ओ द्यायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वीरभद्रला आवाज ओळखू आला होता. त्या दिवशी आपण सोबत नव्हतो. अप्पांच्या मनात राग असला तर? आपल्याला इथंच अडवून... बायकोला... पोराला...

रुद्राणी किंचाळली. त्यानं चाबूक उचलला.

"वीरभद्रा. थांब म्हनलो ना."

हात वरच राहिला.

काहीच नाही. वाराही नाही. बायको दातांत पदर धरून कण्हत होती. तो मनात म्हणत होता, अप्पा, सोडा... पाया पडतो, सोडा...

मग रूळ गुणगुणले.

वळणावरून मालगाडी आली. बैलांच्या शिंगांपुढून. धूळ, धडधड, डबे, डबे... आणि गेली.

शांतता.

"ये आता."

त्यानं गाडी हाकली. चाकं रुळांवरून खडखडली. समोरचं दार उघडंच होतं. ते आपण उघडलंच नव्हतं, हे त्याच्या फार नंतर ध्यानात आलं. मागं साखळी वाजली. एकदा. मग पुन्हा, अगदी जवळ. त्यानं वळून पाहिलं नाही.

उदगीरच्या दवाखान्यात मुलगी झाली. आडवी आली होती, थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं नर्सबाई म्हणाल्या. वीरभद्र ओसरीत बसून लहान पोरासारखा रडला.

आणि एकदम आठवलं. फाटक उघडं राहिलं! रूळ तपासत फिरणाऱ्या गँगमननं बघितलं तर रान तुटलं. मिळेल त्या जीपला लोंबकळत तो दुपारी तिथं पोचला.

दोन्ही दारं लावलेली. दोन्हींना कुलूप.

त्यानं खिसा चाचपला. त्याची किल्ली खिशातच होती.

सडकेकडच्या कुलपात दुसरी किल्ली अडकलेली होती. काळ्या करदोड्याच्या तुकड्यासकट. तिला माती लागली होती, ओली... आणि थोडं भस्म.