मालाडहून आणलेलं कार्ड

सन २०२१. मे महिना. मुलुंड पूर्व.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. हे भर दुपारी घडलं. आणि जिच्या घरात घडलं, ती सुहासिनी माझी मावसबहीण. सत्तर वर्षं ओळखते मी तिला. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून आवळे चोरले, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून मार हिने एकटीने खाल्ला. तिने सांगितलं तेच मी लिहिते आहे.

केयूर हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून हिच्याकडेच वाढला. सुहासिनीला त्याच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

लॉकडाऊनमध्ये केयूर घरीच होता. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड अखंड आकडेमोड करत ठेवायचं, त्यातून ऑनलाइन नाणी मिळतात, एवढंच सुहासिनीला कळलं होतं. बाजारात कार्डं मिळत नव्हती. याने मालाडच्या एका मुलाकडून जुनं मिळवलं.

बसवलं त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

"मावशी, झकास कार्ड आहे! आता फक्त ट्यूनिंग करायचं."

"म्हणजे रे काय? सतारीसारखं?"

"भात कसा मंद आचेवर ठेवतेस, तसं. कोअरचा वेग खाली, मेमरीचा वर, वीज कमी. काम तेवढंच, पण कार्ड तापत नाही."

त्याने मेमरीचा आकडा हजारावर ठेवला, पंखा सत्तर टक्क्यांवर, आणि जेवायला आला.

जेवून गेला तर... मेमरी अकराशे तीस. पंखा अडतीस.

"तू हात लावलास?"

"मला तुझं ते मशीन चालू करता येतं का रे बाबा?"

त्याने पुन्हा बदललं. दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेदोनला... अकराशे तीस. अडतीस.

तिसऱ्या दिवशीही तेच.

"आधीच्या मालकाने करून ठेवलं असेल," सुहासिनी म्हणाली.

केयूर हसला नाही. "सेटिंग कार्डात राहत नाही, मावशी. ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये असतं. कार्डाबरोबर ते येऊच शकत नाही."

चौथ्या दिवशी पंखा थांबला.

कार्ड मात्र चालू होतं. पूर्ण वेगाने.

पंख्याशिवाय असं कार्ड काही मिनिटांत पोळायला हवं. सुहासिनीने भीत भीत बोट लावलं...

गार. माठासारखं गार.

शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला बाहेरून दव आलं होतं. मे महिन्यात!

आणि त्याच संध्याकाळी केयूरला ताप भरला.

एकशे दोन. मग एकशे तीन. तपासणी केली, कोरोना नाही. मलेरिया नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. ताप हलेना. कार्ड गार होत चाललं होतं आणि पोरगा तापत चालला होता.

"ते आधी बंद कर," सुहासिनी म्हणाली.

केयूरने उठून बटण दाबलं.

खोली एकदम शांत झाली... आणि केयूरचा श्वास अडकला. तोंड उघडं, डोळे पांढरे, छाती हलेना. सुहासिनीने कसंबसं बटण परत दाबलं.

त्याने श्वास घेतला.

आता ते बंदही करता येत नव्हतं.

"केयूर, खरं सांग. कुणाकडून आणलंस हे?"

"देवव्रत म्हणून मुलगा होता. माझ्याच वयाचा. आमचं ठरलं होतं, आणि तो... कोरोनात गेला, मावशी. मी आणायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, दहावा होऊ दे, मग ने. आठवा दिवस होता. मी म्हटलं, काका, पुन्हा कुठे येऊ एवढ्या लांब? मशीन चालूच होतं. मीच बंद केलं आणि काढलं."

सुहासिनीने मालाडला फोन लावला. वडिलांचं नाव काशीराम. मूळचे देवगडकडचे, आयुष्य गिरणीत गेलेलं. सगळं ऐकून ते म्हणाले,

"बाय, घरात मी एकटोच. माका उठाक जमा नाय होता. तेल-वातीचो दिवो कोण बघतलो? तेच्या खोलीत तां मशीन चालू होतां, बारीकशी लाईट पेटलेली. म्हटलंय, ह्योच तेचो दिवो. धा दिस इझाक देऊचो नाय."

माणूस गेल्यावर दहा दिवस दिवा विझू देत नाहीत, हे काय सुहासिनीला ठाऊक नव्हतं? पण आठव्या दिवशी तिच्याच पोराने तो विझवला होता.

तिने देवघरातून ज्योत घेतली. माळ्यावरचा जुना कंदील पेटवला. शेजारच्या प्रेमाला केयूरजवळ बसवलं. कंदील कार्डाजवळ धरून म्हणाली, "देवव्रत, बाळा, दिवा विझलेला नाही. हा बघ. चल, घरी जाऊ."

आणि बटण दाबलं.

केयूरचा श्वास चालू राहिला. बारीक... पण चालू. तो पडल्या पडल्या सांगत गेला तसं तिने कार्ड काढून पिशवीत ठेवलं.

रिक्षावाला मिथुन आरशातून बघत राहिला. "आजी, बारा वाजलेत दुपारचे. कंदील कशाला?"

"तू पुढे बघ. आणि खड्ड्यातून हळू."

लिंक रोडला वारा होता. ज्योत वाऱ्याबरोबर मागे झुकायला हवी होती. ती पुढे झुकली होती... सुहासिनीच्या मांडीवरच्या पिशवीकडे. मालाड येईपर्यंत तशीच.

काशीरामांचा पुतण्या निलेश कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्याने कार्ड जागेवर बसवलं. मशीन सुरू झालं. पडद्याच्या कडेला देवव्रतने चिकटवलेली चिठ्ठी होती. सुहासिनीने चष्मा सारखा करून वाचली.

मेमरी ११३०. पंखा ३८.

पंखा फिरू लागला. कंदील आपोआप विझला.

प्रेमाचा फोन आला. "सुहासिनीताई, अहो, घाम फुटला त्याला! पेज मागतोय."

घड्याळात पावणेदोन झाले होते. काशीराम हळूच म्हणाले, "हॉस्पिटलातसून फोन इलो, तो ह्योच टायम."

त्यानंतर काशीरामांनी मशीन कधी बंद केलं नाही. दहा दिवस झाले, वर्ष झालं. सुहासिनी त्यांना दर महिन्याला फोन करायची. पुढे कार्डावर नाणी मिळणं बंद झालं, तरी ते चालूच. "माका सोबत आसा," म्हणायचे.

केयूर बरा झाला. आता नाशिकला असतो, गंधालीशी लग्न झालं, मुलगी आहे. त्या तापातलं त्याला फारसं आठवत नाही, आणि सुहासिनी आठवण करून देत नाही. प्रेमा लेकीकडे राहायला गेली.

काशीराम गेल्या दिवाळीत वारले.

सुहासिनीने निलेशला फोन केला. खोली विकली, सामान काढलं, म्हणाला.

"आणि ते कार्ड?"

"ते होय? ऑनलाइन टाकलं होतं. कोणीतरी गेम खेळायला घेऊन गेलं."

"नाव? पत्ता?"

"नाही विचारलं, काकू."

"निलेश... काढलंस तेव्हा ते बंद होतं ना रे?"

"नाही ना. चालूच होतं. मीच बटण दाबलं."

सुहासिनी अजून त्या घराचा पत्ता शोधते आहे. मलाही विचारते, रोज. तुमच्यापैकी कुणी घेतलं असेल, तर कळवा.