मधल्या चौकटी

कराडच्या सजीवन केंद्रात फोन केला की पलीकडून पहिली सूचना ठरलेली असे : "तुमच्याकडची सगळ्यात वाईट दिसणारी प्रत घेऊन या." आणि लोक हमखास उलटं करत. लग्नाला जाताना ठेवणीतली साडी काढावी तशी सगळ्यात लखलखीत प्रत डाऊनलोड करून आणत.

शीतलताई शेटे यांनीही तेच केलं होतं. शीतल, स्नेहल, प्रियांका ही एव्हाना आज्यांची नावं झाली होती. त्यांच्यासोबत त्यांचे यजमान सागरराव होते. ते केंद्रात शिरल्यापासून चहा कुठे मिळतो याची चौकशी करत होते.

"अगोदर काम, मग चहा," शीतलताई म्हणाल्या. "आणि साखर नको म्हणून सांग."

"पन्नास वर्षं हेच ऐकतोय," सागरराव डॉ. ओवी जमदाडेंना म्हणाले. "हिला सजीवन करायची वेळ आली तर एवढं एक वाक्य पुरेल."

ओवी हसली. रूपांतराआधीची तपासणी तिच्याकडे असे. सजीवन म्हणजे जुन्या व्हिडिओतला माणूस काचेच्या खोलीत पुऱ्या उंचीचा उभा करणं. तो वळतो, बघतो, त्याच्याशी बोललं तर उत्तरही देतो. ते उत्तर यंत्र व्हिडिओतल्या त्याच्या नजरेवरून आणि चेहऱ्यावरून ठरवतं. रुसलेला माणूस आत गेला तर रुसलेलाच बाहेर येतो. म्हणून आत काय घालायचं हे आधी पारखून घ्यावं लागे.

व्हिडिओ छोटासाच होता. शीतलताईंच्या लग्नाचा मांडव, कडेला मित्रांशी बोलत उभा असलेला त्यांचा धाकटा भाऊ तुषार. तो वळतो, नवरीकडे बघतो, हसतो आणि पुन्हा मित्रांकडे वळतो.

"घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न होतं आमचं," शीतलताईंनी सांगितलं. "तुषारने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नाला येईल असं वाटलंच नव्हतं. आला, पण जवळ आला नाही. लांबून एकदा हसला, तेवढंच. त्याच महिन्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला. आमचं बोलणं राहूनच गेलं."

"मग आता काय बोलायचंय?"

"एकच विचारायचंय. राग गेला होता ना तुझा?"

ओवीने व्हिडिओ तपासणीला लावला. थोड्या वेळाने तिने खुर्ची मागे सरकवली.

"आजी, याची मूळ प्रत आहे का? धूसर, अडखळत चालणारी?"

"होती की. मग फोननेच एकदा सगळे जुने व्हिडिओ सुधारून दिले. वर विचारलं, जुनी प्रत पुसू का? जागा नव्हती, म्हटलं पूस. तिसेक वर्षं झाली असतील. का गं?"

"व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारे फोटो. अशा एका फोटोला आम्ही चौकट म्हणतो. तुमच्या फाईलवर लिहिलंय, सेकंदाला साठ चौकटी. पण डब्यावर रवा लिहिलं म्हणून आत रवाच असतो असं नाही ना?"

"आमच्याकडे तर कधीच नसतो," सागरराव म्हणाले.

"खऱ्या चौकटी आहेत आठ. साधा फोन, मांडवातला अंधुक उजेड, त्याला तेवढंच जमलं. त्याही सारख्या अंतराने नाहीत, मधे मोठमोठ्या फटी आहेत. अशा उजेडात काढलेल्या फोटोत बारीक वाळूसारखा दाणा असतो, आणि प्रत्येक चौकटीत तो वेगळा पसरतो. बाकीच्या बावन्न चौकटींमध्ये दाणाच नाही. त्या सुधारणाऱ्या यंत्राने बनवल्या आहेत. मागची खरी चौकट बघायची, पुढची बघायची आणि मधे काय झालं असेल ते रंगवायचं."

"रंगवलं तर रंगवलं," शीतलताई म्हणाल्या. "हात वर जाताना मधे कुठून जाणार? तिथूनच जाणार."

"हाताचं खरं आहे. पण..." ओवी थांबली. "तुमचे भाऊ वळतात ती चौकट खरी आहे. त्यांनी परत तोंड फिरवलं तीही खरी आहे. हसणं या दोघींच्या मधे आहे, आजी. त्या हसण्याची एकही चौकट खरी नाही."

शीतलताई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या.

"ते यंत्र हजारो लग्नांचे व्हिडिओ बघून शिकलेलं होतं. नवरीकडे बघणारा भाऊ हसतो, एवढं त्याला ठाऊक होतं."

"पण मी स्वतः बघितलंय त्याला हसताना! मी तिथे होते ना!"

"आठवणही अशीच असते, आजी. आपण ती काढतो तेव्हा दर वेळी नव्याने रंगवतो, आणि समोर जे चित्र असेल त्याचा रंग तिला लागतो. तीस वर्षं तुम्ही हा व्हिडिओ बघताय."

"सागर, तू सांग हिला. हसला होता ना तुषार?"

"हसला होता म्हणजे? मला तर त्याच्या डाव्या गालाची खळीसुद्धा आठवते. आपल्या लेकीला, मीराला, त्याचीच तर खळी आलीय."

ओवीने पडद्यावर बोट ठेवलं. मित्रांशी बोलताना तुषार तोंड भरून हसत होता, ती चौकट खरी होती. दाणेदार, धुरकट, आणि डावा गाल सपाट. खळी फक्त मधल्या गुळगुळीत चौकटींमध्ये होती.

"तुषारला खळी होती की नव्हती?" शीतलताईंनी स्वतःलाच विचारलं. त्यांनी डोळे मिटून बराच प्रयत्न केला. लहानपणचा, शाळेतला, भांडणारा, कुठलाही तुषार समोर आणला तरी खळी घेऊनच येत होता. आई-वडील कधीच गेले होते. ते मित्र कुठे असतील कोण जाणे. आणि नवऱ्याची साक्ष आत्ताच झाली होती.

"दोन्ही प्रकारे करता येईल," ओवी हळूच म्हणाली. "मधल्या चौकटी ठेवल्या तर ते हसतील, आणि विचाराल त्याचं उत्तरही देतील. राग गेला म्हणतील."

"तो नाही, यंत्र म्हणेल."

"हो. आणि काढून टाकल्या तर ते फक्त वळतील. मधे क्षणभर काळोख होईल. विचारलंत तर उत्तर देणार नाहीत, कारण द्यायला आत काही नाही."

"अगं, हसरा घे," सागरराव म्हणाले. "कुणाचं काय बिघडतंय? निदान शांत झोपशील."

"इतकी वर्षं झोपलेच की," शीतलताई म्हणाल्या. "यंत्राने माफ केल्यावर कसली झोप लागायची? काढ गं त्या चौकटी. माझा भाऊ जेवढा असेल तेवढाच दे."

ओवीने मधल्या चौकटी एकेक करून काढल्या, पूरण, म्हणजे रिकाम्या जागा आपोआप भरणारी सोय, बंद केलं आणि काचेच्या खोलीतला उजेड कमी केला. तुषार उभा राहिला. बाविशीचा, सडपातळ, हालचाली तुटक. शीतलताई काचेशी गेल्या.

"तुषार, राग गेला होता ना रे?"

तो वळला. त्याची नजर त्यांच्यावर आली. मग ठरल्याप्रमाणे अर्धा क्षण काळोख झाला, आणि उजेड आला तेव्हा तो पाठमोरा होऊ लागला होता.

"हसला!" सागरराव पुटपुटले.

शीतलताईंनी काचेवरचा हात काढला नाही. "मलाही दिसला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "ओवी, राहिल्या वाटतं तुझ्या एखाद-दोन चौकटी. नीट बघ बाई."

ओवीने नीट बघितलं. पूरण बंद होतं आणि त्या जागी निखळ काळोखच होता. तिने सकाळपासून तो व्हिडिओ कितीतरी वेळा पुढे-मागे केला होता. तिने तुषारला पुन्हा वळायला लावलं आणि या वेळी डोळ्यांची पापणी न लववता त्या काळोखाकडे बघत राहिली.

"काही दिसलं?" शीतलताईंनी विचारलं.

डाव्या गालावरच्या खळीसकट ते हसू तिलाही दिसलं होतं.