नऊ नंबरचा बोअर

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याभोवती बारा बोअर खणलेले होते. कारखान्याचं विष जमिनीखालून किती पुढे सरकलंय, ते त्यांच्या पाण्यावरून कळायचं. दर मंगळवारी ती एकेक झाकण उघडून मोजपट्टी खाली सोडायची. पट्टी पाण्याला टेकली की बारीक आवाजात वाजायची. मग पाणी उपसायचं, तापमान घ्यायचं, बाटल्या भरून बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. प्रयोगशाळेत सगळे तिला पाणीबाई म्हणत.

पूर्वी जोडीला एक वयस्कर मदतनीस असत, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ते निवृत्त झाले आणि मंगळवार मुका झाला. घरीही वाट पाहणारं कुणी नव्हतं. बुधवारी सकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा, न वापरल्यासारखा.

नऊ नंबर सगळ्यात टोकाला होता. त्याच्यापलीकडे लोक राहायचे, त्यांच्या पिण्याच्या विहिरी होत्या. म्हणून त्याच्या आकड्यांकडे साहेबांचं बारीक लक्ष असे.

एका मंगळवारी बाकीच्या बोअरचं पाणी चोवीस डिग्री निघालं आणि नवाचं एकतीस. पुढच्या खेपेला तेहतीस.

"मीटर गंडलाय," साहेब म्हणाले. "नवा घेऊन जा."

नव्या मीटरवर साडेछत्तीस आलं, माणसाच्या अंगाएवढं.

तिने हातमोजा काढला आणि बाटली तळव्यात धरली. हे नियमात बसत नव्हतं. उन्हाने तापलेल्या पाण्याची ती ऊब नव्हती. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीची असते, तशी होती.

"बाई, यात काहीच नाही," प्रयोगशाळेतला तपासनीस म्हणाला. "विष नाही, क्षार नाही. एवढं स्वच्छ पाणी जमिनीतून येत नाही हो. कुठून भरून आणलंत?"

"नवातून," ती म्हणाली. तो हसला. ती हसली नाही.

त्यानंतर ती नऊ नंबर मुद्दाम शेवटी ठेवू लागली. पाणी काढायची दोरीला बांधलेली नळी खाली सोडून बोअरच्या कठड्यावर बसायची आणि सहज म्हणून बोलायची. गळणाऱ्या छताबद्दल, भावाने महिनाभर फोन न केल्याबद्दल. एकदा बोलता बोलता ती थांबली, तेव्हा हातातली दोरी खालून हलकेच ओढली गेली. पदर ओढावा तशी, दोनदा.

"निघते हं आता," ती म्हणाली. आपण हे कुणाला म्हणालो, याचा विचार तिने गाडीत बसेपर्यंत केला नाही.

महिन्याभराने साहेब स्वतः आले. त्यांनी बोअरमध्ये कॅमेरा सोडला. पडद्यावर गंजलेला पाइप दिसला, मग मुळं, मग सातव्या मीटरला तळ. खचलेली माती. कोरडी, भेगा पडलेली.

"हा तर कधीचा बुजलाय," साहेब म्हणाले.

"माझी पट्टी अठरा मीटरवर वाजते."

"मग आजवरचं बाटल्यांतलं पाणी आणलंत कुठून?"

साहेबांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिच्याकडचं काम काढून घेतलं गेलं. त्याच दुपारी बोअर सिमेंटने भरायला घेतला. पहिलं घमेलं आत पडलं आणि तिला तिथे उभं राहवेना.

दहा दिवसांनी, ती भांडी पुसत असताना तपासनिसाचा फोन आला.

"नवाची शेवटची बाटली फ्रीजमध्ये राहिली होती."

"टाकून द्या."

"तेच करणार होतो." तो घुटमळला. "फ्रीज चार डिग्रीवर आहे. शेजारच्या बाटल्या गार आहेत. ही गरम आहे."

ती खाली बसली.

"किती?"

"काल साडेछत्तीस होतं. आज सकाळपासून उतरतंय. आता एकतीस."

तो कुजबुजत होता. पलीकडे कुणीतरी खुर्ची उचलून, आवाज न करता बाजूला ठेवली. कुणीतरी दार हलकेच लोटलं.

"बाई, असाल तशा निघा," तो म्हणाला. "आम्ही सगळे इथेच आहोत, तिच्याजवळ."